लेझर की सुया? आधी माहिती, मग संमती

मुलगी लग्नाला आली की तिच्या गालावरचे मुरमांचे खड्डे ही साऱ्या घराची चिंता होते. मुलाच्या गालावर तेच खड्डे असले तर कुणी मोजत बसत नाही. या चिंतेवर बाजारात आज दोन उपाय जोरात आहेत : लेझर आणि मायक्रोनीडलिंग. जाहिरात विचारते, यातलं कोणतं घेणार? मैत्रिणींनो, आपण विचारायला हवं : कुणाच्या कातडीसाठी, आणि कुणाच्या संमतीने?

दोन्हींचं तत्त्व एकच. कातडीला मोजूनमापून बारीक इजा करायची. ती भरून येताना नवं कोलॅजन तयार होतं आणि खड्डा उथळ होतो. फ्रॅक्शनल लेझर ही इजा उष्णतेने करतो, मायक्रोनीडलिंग सुयांनी. आपल्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त असल्यामुळे लेझरनंतर काळे डाग उमटण्याची शक्यता अधिक, आणि ते जायला कित्येक महिने लागू शकतात. सुयांमध्ये हा धोका कमी, खर्चही सहसा कमी. पण साधारण महिन्याच्या अंतराने तीन ते सहा वेळा जावं लागतं. खोल, अरुंद खड्डे दोन्हींना फारशी दाद देत नाहीत. चेहरा पूर्ववत होईल असं वचन कुणीच देऊ शकत नाही. कोलॅजन तयार व्हायलाच काही महिने लागतात. तेव्हा 'लग्नाआधी पंधरा दिवसांत' ही शुद्ध फसवणूक आहे.

2008 साली एका स्त्रीच्या शस्त्रक्रियेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी. ती स्त्री बेशुद्ध असताना तिच्या आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. मग पैसे वडील भरतात, मुहूर्त जवळ आला आहे, एवढ्यावर मुलीला खुर्चीत कसं बसवता येईल?

खड्डे घालवावेसे वाटणं हा गुन्हा नाही. तशी इच्छा असणाऱ्या मुलीला आपण हिणवू नये. चेहरा तिचा, निर्णय तिचा. तिच्यासोबत जाऊन प्रश्न मात्र विचारूया. उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ आहे का? सुया नव्या, निर्जंतुक आहेत का? नवे मुरूम येणं आधी आटोक्यात आणलं का? माझ्या रंगाच्या कातडीला धोका किती? आणि काहीच केलं नाही तर?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : प्रकृतीला काहीही होत नाही. ते जाहिरात सांगणार नाही; आपल्या गटांनी सांगायला हवं.