सुई नको, सल्ला द्या



वनहक्काचे दावे, मोजणी, पंचनामे, हरकती याबद्दल आपण या पत्रकात दर वेळी लिहितो. या वेळी ताप, जुलाब आणि खरजेबद्दल लिहितोय. कोणी म्हणेल, याचा जमिनीशी काय संबंध? संबंध आहे. कर्ज कशापायी झालं असं आपण पाड्यावरच्या बैठकीत विचारतो, तेव्हा लग्न आणि बी-खताच्या जोडीला दवाखाना येतोच. अवघड बाळंतपण, ऑपरेशन, अपघात यांचा खर्च समजू शकतो. पण साध्या तापात आणि पोट बिघडण्यातही आपला पैसा जातो. तो कसा जातो ते नीट बघितलं पाहिजे.

माणूस आजारी पडला की सोबत एक जण लागतो. दोघांची मजुरी बुडते, दोघांचं जीपभाडं जातं. बाजारच्या गावात दवाखान्याची पाटी लावून बसलेला कोणी तरी तपासल्यासारखं करतो, सुई टोचतो, सलाईन लावतो आणि कागदाच्या पुडीत रंगीत गोळ्या बांधून देतो. पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसतं. कधी कधी त्यात स्टिरॉईड असतं. त्यानं दोन दिवस हुशारी वाटते, पण आजार आत तसाच राहतो. सलाईन म्हणजे तरी काय? मिठाचं नाही तर साखरेचं पाणी. ज्याला तोंडानं पाणी पिता येतं, त्यानं तेच पाणी शिरेतून विकत कशाला घ्यायचं?

हातात पैसे नसले की सावकार असतो. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही, असा कायदा आहे. पण सातबारा आपल्याच नावावर राहतो आणि शेत दोन-चार वर्षं दुसऱ्याच्या नांगराखाली जातं, हे आपण सगळे बघतो. ज्या जमिनीसाठी आपण मोर्चे काढले, जेल भोगली, ती तापापायी गहाण पडत असेल तर तापसुद्धा संघटनेचा विषय आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. साध्या आजाराला डॉक्टरच लागतो असं नाही. औषधाची माहिती असलेला आणि दोन मिनिटं नीट बोलणारा माणूस लागतो. असा माणूस मिळणं हा आपला हक्क आहे.

असे चार जण तरी आहेत. पाड्यावर आशा ताई आहे. तिच्या पेटीत पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, मलमपट्टी असायला हवी. उपकेंद्रात नर्सबाई आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं देणारे औषध निर्माण अधिकारी आहेत. आणि बाजारात मेडिकल दुकान आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच द्यायची असतात. पण एका दुकानात आम्ही बघितलं, भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि गोळ्या देणारा पोऱ्या दुसराच. शिकलेला माणूस कधी येतो असं विचारलं तर मालक हसला. आपण हसू नये, पुन्हा विचारावं.

हे चौघं काय सांगू शकतात? तापात मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. दोन गोळ्यांमध्ये सहा तास जाऊ द्यावेत, दिवसात चारच्या वर घेऊ नयेत. पोराला वजन बघून द्यायची असते, म्हणून विचारूनच द्यावी. जुलाब लागले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. पोराचं अंगावरचं दूध बंद करू नये. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले तरी. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं आणि कपडे-गोधड्या गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवाव्या. एकट्यानं लावलं तर खरूज घरातच फिरत राहते. एवढं सांगायला सुई लागत नाही.

मेडिकलमध्ये गेलं की गप्प उभं राहू नये. दादा, या गोळीचं नाव काय? कशासाठी आहे? किती दिवस, जेवणाआधी की नंतर? पोटुशी बाईला चालेल का? याच औषधाची स्वस्त गोळी आहे का? मुदत आणि किंमत पाकिटावर छापलेली असते, ती शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावी. बिल मागावं. ज्या पाकिटावर ‘आरएक्स’ अशी खूण असते ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. दुकानदार देत असला तरी आपण घेऊ नये. जंतू मारायच्या गोळ्या दोन दिवस खाऊन सोडल्या तर पुढच्या वेळी त्या लागू पडत नाहीत.

आता जे साधं नाही ते ओळखा. आपल्या जंगलात थंडी वाजून ताप आला तर तो मलेरिया असू शकतो, म्हणून पहिल्याच दिवशी आशा ताईकडून रक्त तपासून घ्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासा. पोराचा श्वास जोरात चालतो, छाती आत ओढली जाते, दूध ओढत नाही, झटके येतात, संडासात रक्त पडतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलंय. पोटुशी बाईला ताप आहे किंवा अंगावरून जातंय. सिकलसेलच्या माणसाला ताप किंवा जोराच्या कळा आहेत. साप चावलाय – यात मेडिकलही नको आणि वाट बघणंही नको. तडक सरकारी दवाखाना. भगताकडं जायचं तर त्याचं पाणी वाटेत घ्या, पण गाडी थांबवू नका.

आपल्यातले काही साथी म्हणतात, असं लिहिलं तर सरकारला बरंच आहे. डॉक्टरची जागा रिकामी ठेवतील आणि आशावर भागवतील. ही भीती खरी आहे. आदिवासी भागात ३,००० लोकांमागं उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागं प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारचाच नियम आहे. तो आपण सोडणार नाही. पण साधे आजार पाड्यावरच बरे झाले तर केंद्रातल्या डॉक्टरला खऱ्या आजाऱ्यासाठी वेळ मिळतो. आणि गावच्या माणसाला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच माणसांना शिकवलं. त्यांनी पोरांचा न्युमोनिया ओळखून गावातच औषध दिलं आणि बालमृत्यू कमी झाले. पुढं ३९ गावांत आरोग्यदूत बायांनी नवजात बाळांना घरच्या घरी सांभाळलं. त्या बाया डॉक्टर नव्हत्या.

अजून एक अडचण आपल्याला नेहमी सांगतात. उपकेंद्र बांधायचं तर जमीन फॉरेस्टची, परवानगी नाही. हे ऐकून परत येऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, अंगणवाडी, रस्ता यांच्यासारखंच दवाखान्यासाठीही वनजमीन देता येते. जागा एक हेक्टरच्या आत हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ग्रामसभा म्हणजे आपणच. दाव्यासाठी जो कायदा आपण पाठ केला, त्यातच दवाखान्याची जागा आहे.

औषधांच्या १९४५ च्या नियमांतही एक सोय आहे. हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या गावात पॅरासिटामॉल, बाम, टिंक्चर आयोडीन, पट्टी, कापूस अशी घरगुती औषधं लायसनशिवाय ठेवता येतात. माल लायसनवाल्याकडून घेतलेला आणि पाकीट न फोडलेलं पाहिजे. आपल्या बायांच्या बचत गटानं हे मनावर घ्यावं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बाजार बंद होतो, तेव्हा हा डबा कामाला येईल.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत हे ठराव घ्या:

१. आशा ताईची पेटी दर महिन्याला भरून मिळावी. पेटीत काय आलं, काय संपलं ते ग्रामसभेत वाचावं.

२. आरोग्य केंद्रात कोणती औषधं शिल्लक आहेत याचा फलक मराठीत लावावा. औषध देताना ते कसं घ्यायचं हे तोंडानं सांगावं, लागलं तर आपल्या बोलीतून.

३. बाजारातल्या मेडिकलमध्ये नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर असावा. नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार जाईल.

४. उपकेंद्राची जागा ग्रामसभा ठरवेल आणि कलम ३(२) खाली शिफारस करेल.

ठरावावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, एक प्रत तालुक्याला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला कागद सापडत नाही, हे दाव्यांच्या वेळी आपण चांगलं शिकलोय.

जोहार!