वळवाची वीज व शिवारातील निवारा

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्याने शहर मागे पडू लागले की औद्योगिक वसाहत लागते. टॉवेल व चादरी विणणारे कारखाने, लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचे छप्पर घातलेल्या लांबलचक शेडी आणि त्यांच्याभोवती कुंपणाच्या भिंती असा हा देखावा आहे. त्यापुढे कुंभारी, वळसंग या गावांकडील रान सुरू होते. ज्वारी-तुरीचे हे उघडे रान. सावलीला बांधावरचा एखादा लिंब, नाही तर बाभूळ. चैत्र-वैशाखात दुपार कलली की याच रानावर वळवाचे ढग चढतात. भिंतीच्या आत माग चालविणारा कामगार त्या वेळी निर्धास्त असतो. भिंतीच्या बाहेर भांगलण करणारी त्याची आई किंवा गुरे राखणारा भाऊ मात्र पाऊस चुकविण्यासाठी त्या एकट्या लिंबाकडे धाव घेतो.

देशात वीज पडून किती माणसे दगावतात, याचा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो. २०२२ साली तो २,८८७ होता. त्यांत शेतात काम करणारी माणसे फार मोठ्या प्रमाणात असतात, आणि याचे कारण वीज शेतकऱ्यावर विशेष रुष्ट आहे असे नसून, वीज पडण्याच्या वेळी तोच उघड्यावर असतो, हे आहे. तो उघड्यावर का असतो, याचा विचार मात्र विस्तारकार्यात पुरेसा झालेला नाही. सोलापूर भागापुरते बोलावयाचे तर त्याचे एक ठळक कारण कडबा हे होय. रब्बी ज्वारीची मळणी उरकून वर्षाची वैरण गंजी रचून ठेवलेली असते. ती भिजली तर काळी पडते आणि जनावरे तोंड लावीत नाहीत. म्हणून आभाळ भरून आले की घरातील कर्ता माणूस ताडपत्री घेऊन गंजीवर चढतो. सपाट रानातील सर्वांत उंच जागा ती गंजी, आणि गंजीवरील सर्वांत उंच वस्तू तो स्वतः! ज्याला वैरणीची किंमत ठाऊक आहे, त्याला “पावसात बाहेर पडू नका” असा कोरडा उपदेश करून काय उपयोग? गंजी सकाळीच झाकून, दोर ताणून ठेवावी, दुपारच्या आभाळावर विसंबू नये, हे सांगितले पाहिजे.

वीज नेमकी कशी उत्पन्न होते, हे आता बऱ्याच अंशी उलगडले आहे. आणि त्याचा प्रारंभीचा काही अभ्यास आपल्याच देशात झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. भारतीय हवामान खात्यात काम करणारे जॉर्ज सिम्पसन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिमला येथे पावसाच्या थेंबांवरील विद्युत्भार मोजला. थेंब फुटण्यामुळे हा भार निर्माण होतो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. पुढे ती मागे पडली. १९३७ मध्ये त्यांनीच एका सहकाऱ्यासह इंग्लंडमध्ये ढगांत फुगे सोडून घेतलेले वेध प्रसिद्ध केले आणि बर्फाचे महत्त्व मान्य केले. आपलेच मत पुराव्यापुढे सोडून देण्याचा हा मोठेपणा विरळाच. आज असे मानले जाते की, उंच ढगात शून्याखाली दहा ते वीस अंश तापमानाच्या थरात बर्फाचे हलके स्फटिक व गारेसारखे जड, मऊ कण एकमेकांवर आपटतात. त्या घर्षणात हलके स्फटिक धनभारित होऊन वाऱ्याबरोबर माथ्याकडे जातात. जड कण ऋणभार घेऊन मध्यावर राहतात. ढगाच्या पोटात असा भार साठत गेला की हवेचा विरोध तुटू लागतो. पहिली ठिणगी नेमकी कशी पेटते, यावर संशोधकांचा वाद अद्याप मिटलेला नाही.

त्यापुढचा भाग शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत शॉनलंड या संशोधकाने फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्याने विजेची छायाचित्रे घेतली. तेव्हा असे दिसून आले की, वीज ढगातून एकदम कोसळत नाही. एक मंद, फाटे फुटलेली वाट प्रथम खाली उतरते. ती सुमारे पन्नास मीटरचे पाऊल टाकते, क्षणाचा अत्यंत लहान अंश थबकते, पुन्हा पाऊल टाकते. ही वाट जमिनीपासून काही दशक मीटरांवर येईपर्यंत तिला खाली झाड आहे की माणूस, याचा जणू पत्ताच नसतो. ती जवळ आली की जमिनीवरील उंच व टोकदार वस्तूंतून उलट दिशेने ठिणग्यांचे धागे वर उठतात: झाडाच्या शेंड्यातून, खांबातून, उभ्या माणसाच्या डोक्यातूनही. त्यांपैकी जो धागा वरच्या वाटेस प्रथम मिळतो तेथे वीज पडते. मग प्रकाशाच्या एक तृतीयांश वेगाने लखलखाट वर धावतो. त्या प्रवाहाचा जोर साधारणपणे तीस हजार ॲम्पिअर असतो आणि त्याच वाटेने बहुधा तीन-चार वेळा तो वाहतो. आपल्याला विजेचे थरथरणे दिसते ते त्यामुळे.

या ज्ञानातून निघणारा पहिला निष्कर्ष असा की, वीज कोणाचा जन्म पाहून पडत नाही. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्या खेड्यांतून अजून ऐकू येते. तिच्यामुळे पायाळू नसलेला माणूस निष्कारण निर्धास्त होतो, हे तिचे मोठे नुकसान होय. अंगणात पहार किंवा विळा फेकण्याचा प्रघातही तसाच. जमिनीवर आडवी पडलेली पहार पन्नास मीटरांवरून उतरणाऱ्या विजेची दिशा काय बदलणार? पहार खांद्यावर उभी धरून चालणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्यामुळे माणसाची उंची वाढते.

दुसरा निष्कर्ष थोडा अप्रिय आहे. अलीकडे अनेक गावांत वीजरोधक यंत्रणेचा खांब उभारला जातो, आणि तो उभा राहिला की सारे गाव व शिवार सुरक्षित झाले, असे मानण्याकडे कल दिसतो. खांब निरुपयोगी नाही. शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या इमारतीस तो अवश्य असावा. परंतु त्याचे संरक्षण किती अंतरापर्यंत पोहोचते, याचा हिशेब घालता येतो. पंचेचाळीस मीटर त्रिज्येचा एक प्रचंड चेंडू जमिनीवरून घरंगळत आहे, अशी कल्पना करावी. चेंडू जेथे टेकतो तेथे वीज पडू शकते. खांबामुळे जेथे टेकू शकत नाही तेवढीच जागा सुरक्षित. या मापाने पंधरा मीटर उंचीच्या खांबाभोवती जमिनीवर जेमतेम तेहतीस मीटरांचे वर्तुळ सुरक्षित ठरते. अगदी लगतच्या घरास तो कामी येईल. एक किलोमीटरवर कडबा झाकणाऱ्यास नाही. विक्रेता कितीही मोठे वर्तुळ आखून दाखवो, ग्रामसभेने ठराव करण्यापूर्वी हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

मग शिवारातील माणसाने जावे कोठे? येथेच औद्योगिक वसाहतीचा प्रश्न उपस्थित होतो. चारही बाजूंनी बंद असलेली, लोखंडी सांगाडा जमिनीत नीट जोडलेला असलेली कारखान्याची शेड हा विजेपासून फार चांगला निवारा आहे. वीज छपरावर पडली तरी प्रवाह सांगाड्यातून बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरतो. आतल्या माणसाने भिंतीस, यंत्रास वा नळास हात लावला नाही म्हणजे झाले. बांधावरचे चार खांबांवरील उघडे छप्पर असा निवारा देत नाही. या दोहोंतील फरक ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजावून दिला पाहिजे, कारण दोहोंनाही आपण पत्र्याची शेडच म्हणतो. टपाचे बंद मोटार वाहनही चालते. टप नसलेला ट्रॅक्टर व दुचाकी चालत नाही.

असे असता, वसाहतीलगतच्या शेतात राबणारी माणसे झाडाखाली उभी राहावीत आणि काही शे पावलांवरील फाटक बंद असावे, हे योग्य नव्हे. अनोळखी माणसांस आत घेण्यास मालकांची अडचण असते, चोरीची भीती असते; ती खोटी म्हणता येणार नाही. परंतु रखवालदाराच्या देखरेखीखाली, मालाच्या कोठारापासून वेगळ्या अशा जागेत अर्धा-पाऊण तास दहा-वीस माणसांस उभे राहू देणे अशक्य खास नाही. गावकऱ्यांनी व कारखानदारांनी मार्च महिन्यातच एकत्र बसून कोणत्या शेताने कोणत्या फाटकाशी जावे, हे ठरवून टाकावे. ऐन गडगडाटात ओळखपाळख विचारीत बसण्यास वेळ नसतो.

इशाऱ्याची सोय आज आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१४ पासून महाराष्ट्रात वीज टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले. प्रत्येक विजेतून निघणारी रेडिओ लहर निरनिराळ्या ठिकाणी किती अंतराने पोहोचली, यावरून तिची जागा काढली जाते. याच संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन आजूबाजूस वीस व चाळीस किलोमीटरांच्या आत वीज पडत असल्यास सूचना देते. सोलापूर परिसराशी या संस्थेचा संबंध जुना आहे. २०१८ व २०१९ मध्ये पर्जन्यछायेतील ढगांत बीजारोपण करण्याचा तिचा प्रयोग येथेच झाला. तो पावसासाठी होता, विजेसाठी नव्हे. तरी ढगातील बर्फ व अतिशीत पाणी यांचे जे वेध त्यात विमानातून घेतले गेले, त्यांचा वीज समजण्याशीही निकटचा संबंध आहे.

परंतु दामिनी कोणाच्या खिशात असते? पुष्कळ घरांतून ती कारखान्यात गेलेल्या मुलाच्या खिशात असते, आणि तो तर छपराखालीच आहे. शेतातील बाईपर्यंत सूचना पोहोचवावयाची तर गावातील देवळाचा ध्वनिक्षेपक हेच आज खरे साधन आहे. सूचना मिळताच भोंगा देण्याचे काम एका ठराविक माणसाकडे सोपवावे. तेही न जमल्यास कानाने मोजावे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसच्या आत सेकंद मोजले गेले, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे; काम टाकून निघावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत फिरू नये. “एवढी एक पात काढून जाऊ” या विचाराने घात होतो.

झाडाविषयी पुन्हा सांगावेसे वाटते, कारण तेथेच सर्वाधिक गैरसमज आहे. थेट अंगावर वीज पडून दगावणारे थोडे. झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसाकडे उडी घेते, किंवा मुळांपाशी जमिनीत पसरून एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून झाडाखालचा कळपच्या कळप एकदम पडतो. मेंढपाळांनी मेंढरे झाडाखाली दाटू न देता पांगवावीत. निवारा मुळीच नसेल तर सखल जागी, झाडापासून व तारेच्या कुंपणापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. हा नाइलाजाचा उपाय आहे, निवारा नव्हे.

वीज लागलेल्याच्या अंगात वीज राहते, त्यास शिवू नये, ही समजूत तर जीवघेणी होय. अंगात काहीही राहत नाही. पुष्कळदा हृदय व श्वास थांबलेला असतो, आणि लगेच छाती दाबणे व तोंडाने श्वास देणे सुरू केले तर माणूस वाचू शकतो. अनेकजण एकदम पडले असतील तर जो निपचित आहे त्याच्याकडे प्रथम जावे. विव्हळणारा बहुधा जगतो.

मृत्यू झालाच तर शासकीय साहाय्यासाठी तलाठ्यास तात्काळ कळवून पंचनामा व शवविच्छेदन करून घ्यावे लागते. पंचनाम्यात पुष्कळदा “वीज पडून मृत्यू” एवढेच लिहिले जाते. त्याबरोबर वेळ, माणूस कोठे उभा होता, झाड कोणते व किती अंतरावर, हातात काय होते, जवळचे पक्के छप्पर किती दूर होते आणि सूचना मिळाली होती की नाही, हेही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या वहीत टिपून ठेवावे. पुण्यातील यंत्रे वीज कोठे पडली ते सांगतात. त्या जागी माणूस का उभा होता, हे गावानेच सांगावयाचे आहे.