संगणकाची किल्ली कोणाच्या कमरेला?

विंडोज १० या संगणक प्रणालीला मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. वर्तमानपत्रांत ही बातमी अर्थ-उद्योगाच्या पानावर आली. आपल्या संघटनांच्या बैठकांत मात्र या विषयाची चर्चा फारशी झाली नाही. ‘ते संगणकवाल्यांचे काम’ म्हणून आपण तो बाजूला ठेवला. माझे मत असे, की हा विषय आपलाच आहे, आणि तो दुकानदारावर सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

मी कशेळ्याला, कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या केंद्रात नोंदींचे काम पाहते. आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून बायका येतात. आमच्या संगणकात काय आहे? मारहाणीच्या तक्रारी, पोटगीचे कागद, जातीच्या दाखल्यांचे अर्ज, वीटभट्टीवर घेतलेल्या उचलीचे हिशेब. घरातून निघून आलेली बाई सध्या कोणत्या नातेवाइकाकडे राहते, तेसुद्धा त्यात आहे. पूर्वी हे सारे कपाटात असे आणि कपाटाची किल्ली आमच्यापैकी एकीकडे असे. आता कपाटाच्या जागी संगणक आला आहे. मग त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारायला नको का?

गेल्या दिवाळीनंतर आम्ही जुन्या संगणकाच्या जोडीला विंडोज ११ असलेला नवा संगणक घेतला. विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आली. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. आमचा जुना संगणक त्याआधीचा. तो चांगला चालतो, पण या अटींत बसत नाही.

नवा संगणक दुकानातूनच ‘तयार करून’ आला. दोन आठवड्यांनी पासवर्ड बदलायला गेलो, तर पडताळणीचा आकडा आमच्या कोणाच्याच फोनवर येईना. तो दुकानातल्या मुलाच्या फोनवर जात होता. खाते त्याने स्वतःच्या नंबरावर उघडले होते. ‘ताई, तुम्हाला त्रास नको म्हणून केले,’ असे तो म्हणाला. त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण परिणाम पाहा. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत सुरुवातीलाच ऑनलाइन खाते मागितले जाते. २०२४ च्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या संगणकांत डिस्कला आपोआप कुलूप लागते आणि त्याची राखीव किल्ली त्या खात्यात जमा होते. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपवरची आणि डॉक्युमेंट्समधली कागदपत्रे इंटरनेटवरून त्याच खात्यात साठवली जातात. म्हणजे शे-दीडशे बायकांचे पत्ते आणि जबाब एका परक्या पुरुषाच्या फोनवर उघडू शकले असते. त्याच्या मित्राच्या घरातली बाईही त्यांत असू शकते. तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांचे कोणीतरी असतात.

आम्ही खाते बदलून घेतले, ही गोष्ट लहान आहे. मोठी गोष्ट अशी, की जिथे जिथे चौकशी केली तिथे हेच चित्र दिसले. बचत गटाचा संगणक सचिवबाईंच्या मुलाच्या खात्यावर. अंगणवाडीताईचा फोन नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे आकडा सांगायला तो घरी असावा लागतो. टंकलेखन बाई करते, हिशेब बाई लिहिते, पण ‘त्यातले कळणारा’ नेहमी कोणीतरी पुरुष असतो. प्रणाली बदलण्याचा दिवस आला की त्याच्याशिवाय पान हलत नाही. एरवी झाकलेली ही सत्ता त्या दिवशी उघडी पडते.

आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. डॉक्टर सांगेल ते मुकाट्याने ऐकायचे नाही, आपले शरीर आपण समजून घ्यायचे, हे आपण आरोग्याच्या शिबिरांतून शिकलो. राजस्थानात तिलोनियाला आणि उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, तेव्हा पाण्यासाठी मिस्त्रीची वाट पाहणे थांबले. हातात पान्हा धरणारी बाई आपल्याला पटली. मग संगणकाची प्रणाली स्वतः बसवणारी बाई आपल्या कल्पनेत का येत नाही?

काही मैत्रिणी म्हणतील, कशाला बदलायचे? जुने चालते आहे तोवर चालू द्या. पैशाचा विचार केला तर हे म्हणणे रास्त आहे. कंपनीने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची मुदतवाढ देऊही केली. पण दुरुस्ती थांबलेल्या प्रणालीवर इंटरनेट वापरणे धोक्याचेच असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक बंद पाडले, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालये अडली. त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांना फटका बसला. आपल्याकडच्या नोंदी गेल्या तर त्या पुन्हा मिळणार नाहीत, कारण जबाब देणारी बाई आज कोणत्या भट्टीवर आहे हेही आपल्याला ठाऊक नसते.

मग चांगले चालणारे संगणक भंगारात टाकायचे का? या एका बदलामुळे सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास करणाऱ्या कंपनीने २०२३ साली वर्तवला होता. असा कचरा शेवटी कुठे जातो आणि तो उघड्या हातांनी कोण फोडते, हे कचरावेचक भगिनींना विचारावे. आम्ही जुन्या संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने दाखवले आणि आम्ही तिघींनी शेजारी बसून शिकून घेतले. पत्रे, हिशेब, छपाई, युनिकोड मराठी, सगळे त्यावर होते. अंकाच्या मांडणीचे जुने सॉफ्टवेअर मात्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. केरळातल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षे अशाच मुक्त प्रणालीवर शिकवतात. महाराष्ट्रात वीस वर्षांहून अधिक काळ एमएस-सीआयटीचे वर्ग भरत आहेत. त्यांतून कोणते बटण दाबायचे ते लाखोंना कळले, पण खाते कोणाच्या नावावर असावे, हा प्रश्न वर्गात किती जणींच्या कानावर पडला?

आणखी एक धोका आपल्या जुन्या कागदांना आहे. नव्वदच्या दशकात आपण श्रीलिपी, आकृती, सीडॅकच्या आयएसएममधले फाँट वापरले. प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी होती. विंडोज २००० आणि एक्सपीपासून युनिकोड देवनागरी आली, पण त्याआधीचे लेखन तसेच राहिले. ज्या संगणकात तो फाँट नाही, तिथे ती फाईल उघडली की अक्षरांचा नुसता काला दिसतो. कित्येक संघटनांचे ठराव, पत्रके, शिबिरांचे अहवाल अशा फायलींत पडून आहेत, आणि ते उघडू शकणारा शेवटचा जुना संगणक आता भंगारात निघतो आहे. युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी साधने आहेत. मात्र जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, त्यामुळे शेजारी छापील प्रत ठेवून दोघींनी तपासावे लागते. हे काम जुना संगणक विकण्यापूर्वी झाले पाहिजे. आपला इतिहास दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. प्रत्येक संघटनेने पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. खाते संस्थेच्या नंबरावर आहे का, राखीव किल्ली कागदावर लिहून दोघींकडे ठेवली आहे का, बायकांच्या नोंदी न विचारता इंटरनेटवर जात नाहीत ना, हे पाहावे. देणगीदार संस्था शिबिराच्या जेवणाला पैसे देतात, तसे संगणकाच्या देखभालीला आणि दोन कार्यकर्त्यांच्या शिक्षणालाही मागावेत, आणि तो खर्च अर्जात उघड लिहावा.

आपल्याकडे येणारी बाई आपल्याला जे सांगते ते तिने सासरी-माहेरी कुठेच सांगितलेले नसते. ते जपण्याचा शब्द आपण तिला देतो. तो शब्द पाळायचा तर संगणकाची किल्ली आपल्याच कमरेला हवी.