जुडग्यातला उजेड
जिन्यातला दिवा गेला की कुलपाचं भोक शोधताना मोबाइल दातांत धरावा लागतो. म्हणून किल्ल्यांच्या जुडग्याला चार्जिंगची चिमुकली बॅटरी लावली. (आमच्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात.) खोक्यावरच्या ५०० लुमेनना भुललो. एवढ्याशा जिवाला ती धग सोसत नाही, मिनिटा-दोन मिनिटांत उजेड आपसूक उतरतो. कुलपाला दोन-तीन लुमेन पुष्कळ. खरं पाहायचं ते बटण! पहिल्या बॅटरीचं खिशातच दाबलं जायचं, दुपारपासून मांडीला चटका आणि संध्याकाळी ठणठणाट. आता दोनदा दाबल्याशिवाय न लागणारी घेतलीय, मोबाइलच्याच सी-टाइप वायरीवर चालणारी. पावसाच्या शिंतोड्यांसाठी आयपीएक्स ४ हे पाणीरोधक मानांकन तरी हवंच. या नव्या बॅटरीच्या चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण तेवढं सारखं उचकटतं. रिक्षात बसलो की अंगठ्याने दाबत राहतो.