तानसा कुणासाठी राखीव?

तानसा अभयारण्य म्हणजे साग, ऐन, खैराचं जंगल आणि मधोमध तलाव. साहेब म्हणतात, हा निसर्गाचा ठेवा, इथं माणसाचं काम नाही.

मग विचारा त्यांना, हा तलाव कुणी केला? मुंबईला पाणी पाहिजे म्हणून नदी अडवली, 1892 साली धरण पुरं झालं. धरण माणसाचं, पाइप माणसाचे, पाणी पिणार माणसंच. काठावरचा वारली, कातकरी, ठाकूर तेवढा घुसखोर! शंभराहून जास्त वर्षं पाणी मुंबईला चाललंय आणि उन्हाळा लागला की शहापूरच्या पाड्यांवरच्या बाया ओहळात खड्डे खणून हंडे भरतात.

जंगल राखायला आपला विरोध नाही. मोह तोडला तर फुलं कुठली? कळक संपला तर टोपल्या कशाच्या? हे आपल्याला शिकवायला नको. भांडण एवढंच, की आधी हद्द आखायची आणि हद्दीतल्या माणसाचा हक्क विचारायचाच नाही, हा कुठला कायदा?

कायदा तर उलट सांगतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे कलेक्टरनं गावोगाव लोकांच्या भाषेत जाहीरनामा काढायचा, दोन महिन्यांत लेखी दावे घ्यायचे, चौकशी करायची. देशभर हे काम वर्षानुवर्षं पडून राहिलं. शेवटी 22 ऑगस्ट 1997 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, वर्षभरात उरका. तेव्हा सरकारला घाई लागली. घाईत जो गप्प बसेल, त्याच्या नावापुढं 'हक्क नाही' असं लिहून मोकळे होतील.

म्हणून गड्यांनो, जाहीरनामा पाड्यावर लागला का ते तलाठ्याला विचारा. दावा लेखी द्या, पोच घ्या. एकसाली प्लॉटचा कागद, दंडाची पावती, जे असेल ते जोडा. कागद नसला तरी हटू नका. माहीतगार माणसाची साक्षही कलेक्टरनं बघायची, असं कलम 22 म्हणतं. म्हातारी माणसं हाच आपला सात-बारा. शेत, गुरचरण, मोह, मासे, पाणवठा, वाट, सगळं लिहा.

आणि पैसे घेऊन उठा, असं कुणी म्हटलं तर कलम 24 दाखवा. जमीन हद्दीबाहेर काढता येते, अभयारण्यात हक्क चालूही ठेवता येतो. आपली मागणी हीच.

दावा एकेकट्यानं नको. अख्खा पाडा मिळून कचेरीत चला!