गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?

मोहल्ल्यात नवी गाडी आली की मुबारकबादनंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ मालकही एक आकडा सांगून मोकळा होतो. बहुतेक वेळा तो शोरूमच्या कागदावरचा असतो, नाहीतर गाडीच्या पडद्यावर कधीतरी दिसलेला सर्वांत चांगला. गाडी चालवणारा आणि पेट्रोल भरणारा एकच असेल तर या आकड्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण आपल्या बऱ्याच घरांत गाडी एक आणि वापरणारे तीन-चार असतात. एक भाऊ कामावर नेतो, दुसरा सासुरवाडीला नेतो, चाचाजानना दवाखान्यात न्यायलाही तीच. अशा घरात अ‍ॅव्हरेजचा आकडा थेट खिशाला लागतो, आणि तो चुकीचा असला की हळूहळू मनेही बिघडतात. म्हणून या महिन्यात सेडान गाडीचा खरा अ‍ॅव्हरेज कसा काढायचा, ते पाहू.

उदाहरणाला आमच्या घरचीच गाडी घेतो. २०२० ची मारुती सियाझ, दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर. २०१४ मध्ये बाजारात आलेली ही सेडान २०२५ मध्ये बंद झाली, पण जुन्या गाड्यांच्या बाजारात तिला अजून मागणी आहे. इंजिनची ताकद १०५ पीएस, टाकी ४३ लिटरची, डिकी ५१० लिटरची. कंपनीने जाहीर केलेला अ‍ॅव्हरेज लिटरला २०.६५ किलोमीटर.

हा आकडा खोटा नाही, पण तो कुठून येतो ते समजून घ्यायला हवे. भारतात गाड्यांच्या इंधनाची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या सरकारमान्य संस्था करतात. गाडी रस्त्यावर नेत नाहीत. प्रयोगशाळेत तिची चाके रोलरवर ठेवून ठरलेल्या क्रमाने चालवतात : थोडी थांबते, थोडी धावते, पुन्हा थांबते. हा सगळा क्रम वीस मिनिटांच्या आसपास संपतो. वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो. रस्त्यात खड्डा नाही, चढ नाही, मागच्या सीटवर तीन माणसे नाहीत. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजता यावे, हा या चाचणीचा हेतू. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, घरचा हिशेब करायला नाही.

घरच्या हिशेबासाठी टाकी ते टाकी मोजणे हाच खात्रीचा मार्ग. पंपावर टाकी भरायला सांगा आणि नोजल आपोआप बंद पडला की तिथेच थांबा. ‘अजून पन्नासचे टाका’ म्हणू नका. मग ट्रिप मीटर शून्यावर आणा. तीन-चारशे किलोमीटर झाले की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा नोजल बंद पडेपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, हा तुमचा खरा अ‍ॅव्हरेज. एका टाकीवर निकाल लावू नका, निदान तीन टाक्या मोजा. गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यावरही विसंबू नका. आमच्या गाडीचा पडदा साडेतेरा दाखवत होता, तेव्हा टाकीचा हिशेब साडेबाराचा निघाला.

आम्ही सहा महिने अशी वही ठेवली. भाईजान मुंब्र्याहून शिळफाट्यामार्गे महापेला कामावर जातात. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, पण शिळफाट्याची कोंडी ज्याने पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको. या रस्त्यावरच्या एका टाकीत ४१२ किलोमीटर झाले आणि ३२.७ लिटर पेट्रोल लागले, म्हणजे लिटरला १२.६. त्याच महिन्यात धाकट्याने अम्मी-अब्बांना खेडला गावी नेऊन आणले. पनवेल, पेण, माणगाव, महाड असा रस्ता, वेग बहुतेक सत्तर-ऐंशीचा. जाऊन-येऊन ३९८ किलोमीटर आणि २१.४ लिटर, म्हणजे लिटरला १८.६. गाडी तीच, इंजिन तेच, पेट्रोलही त्याच पंपाचे. फरक फक्त रस्त्याचा.

इथे एक बारकावा आहे. १२.६ आणि १८.६ यांच्या मधला आकडा १५.६ येतो, पण गाडीचा एकूण अ‍ॅव्हरेज तो नव्हे. एकूण ८१० किलोमीटरला एकूण ५४.१ लिटर लागले, म्हणजे उत्तर पंधराच्या किंचित खाली. दोन अ‍ॅव्हरेज मिळवून निम्मे करू नका. सगळे किलोमीटर एकीकडे, सगळे लिटर दुसरीकडे, आणि मग भागाकार.

आता हे पैशांत मांडू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरले, तर कागदावरच्या २०.६५ प्रमाणे किलोमीटरला पाच रुपये पडतात. आमच्या घरी सुरुवातीला हाच दर ठरला होता : पेट्रोल धाकटा भरणार आणि भाईजान महिन्याला पाच रुपये किलोमीटरने पैसे देणार. रोज तीस किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस, एकूण ७८०. भाईजान ३,९०० रुपये मोजून देत. पण १२.६ ने त्या प्रवासाचे पेट्रोल जवळपास ६,४४० रुपयांचे होते. दर महिन्याला अडीच हजार रुपये धाकट्याच्या खिशातून जात होते. भाईजानना वाटे, आपण पैसे चोख देतो. धाकट्याला वाटे, पैसे कुठे जातात कळत नाही. दोघांच्याही नियतमध्ये खोट नव्हती. तरी बोलणे तुटक होऊ लागले होते. वहीतले आकडे समोर आले तेव्हा अम्मी एवढेच म्हणाल्या, ‘हिसाब जौ-जौ, बख़्शिश सौ-सौ.’ द्यायचे तर शंभराने द्या, पण हिशेब जवाच्या दाण्याइतका चोख ठेवा.

शहरात अ‍ॅव्हरेज इतका का पडतो? गाडी जागची हलवण्यात सर्वांत जास्त इंधन जाते, आणि कोंडीत ती मिनिटाला दोनदा हलवावी लागते. प्रत्येक ब्रेक म्हणजे आधी जाळलेले पेट्रोल उष्णता बनून हवेत जाणे. थांबलेल्या गाडीत इंजिन चालू असेल तर किलोमीटर शून्य, पेट्रोल मात्र चालूच. त्यात मे महिन्यातला एसी. मोकळ्या रस्त्यावर यातले बरेच टळते, पण तिथे शत्रू वेगळा : हवा. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर हा विरोध दीडपटीहून जास्त होतो. पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावर शंभरच्या मर्यादेला चिकटून गेलो तेव्हा आमचा अ‍ॅव्हरेज १६.५ वर आला. वाचलेली मिनिटे आणि जळालेले पेट्रोल दोन्ही समोर ठेवून ज्याने त्याने ठरवावे.

पंपावरचे पेट्रोलही आता पूर्वीचे नाही. त्यात २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच, मूळ साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचा अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला आहे. वीस देणाऱ्या गाडीचा हा सव्वा किलोमीटर झाला. म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या वहीशी आजचा आकडा ताडताना गाडीला लगेच गॅरेजमध्ये नेऊ नका. टायरमधली हवा मात्र पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना जरूर पाहा.

चालवायला गाडी कशी आहे, हेही लोक विचारतात. क्लच हलका, स्टिअरिंग हलके, त्यामुळे कोंडीत पाय आणि हात दुखत नाहीत. इंजिन शांत स्वभावाचे आहे. हळूहळू वेग घेणाऱ्याला ते खूश ठेवते. ट्रकला ओलांडायचे असेल तर गिअर एक खाली आणावा लागतो, आणि पाच माणसे व भरलेली डिकी असेल तर आधी दूरवर रस्ता पाहावा लागतो. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून खेडच्या वाटेवरची मोठी चढण तरी वाचली आहे. मागच्या सीटवर पाय पसरायला भरपूर जागा आहे, आणि लांबच्या प्रवासात अम्मींना त्याचेच मोल. मात्र कोणतीही सेडान बसायला खाली असते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तिच्यात उतरून बसावे आणि चढून बाहेर यावे लागते. घरात वडीलधारे असतील तर घेण्यापूर्वी त्यांना एकदा बसवून, उठवून पाहा.

दुसरी सेडान पाहत असाल तरी नियम हाच. ह्युंदाई व्हर्नाची २०२३ ची दोन पेट्रोल इंजिने घ्या. साध्या ११५ पीएसच्या इंजिनाचा मॅन्युअलचा जाहीर अ‍ॅव्हरेज १८.६, तर १६० पीएसच्या टर्बोचा २०. कागदावर जास्त ताकदीचे इंजिन जास्त काटकसरी! टर्बो इंजिन पाय हलका असेल तोवर कमी पिते आणि पाय दाबला की सगळे वसूल करते. म्हणजे तो आकडा गाडीइतकाच तुमच्या पायाचा आहे. २०२२ मध्ये आलेल्या होंडा सिटी हायब्रिडचा जाहीर अ‍ॅव्हरेज २६.५ होता. तिच्यात ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत जाते, म्हणून तिचा खरा फायदा कोंडीत दिसतो, मोकळ्या महामार्गावर कमी. पण ती साध्या सिटीपेक्षा महाग आहे. किमतीतला फरक भागिले किलोमीटरला वाचणारे रुपये, एवढा हिशेब करा. उत्तर जितके किलोमीटर येईल तितके तुम्ही खरोखर चालवणार आहात का, ते स्वतःला विचारा.

आमच्या घरात आता दोन नियम आहेत. लांबच्या प्रवासाला गाडी नेणाऱ्याने टाकी भरलेली न्यायची आणि नोजल बंद पडेपर्यंत भरून परत आणायची. मग दर ठरवायचीच गरज नाही. रोजच्या वापराला शहराचा दर, किलोमीटरला साडेआठ रुपये. सर्व्हिसिंग, विमा आणि टायर यांचा खर्च वेगळा, तो तिघांत सारखा. महिन्याचे साडेसहा हजार डोळ्यांसमोर आल्यावर भाईजान पावसाळा सोडून बाइकने जाऊ लागले. त्यांना तसे कोणी सांगितले नाही, आकड्यानेच सांगितले. आणि अब्बांना तपासणीला न्यायचे असते तेव्हा पेट्रोल कोणी भरले, हे कोणीच वहीत लिहीत नाही.

गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही आणि पेन ठेवा. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि गाडी कोणी नेली, एवढे पाच रकाने पुरेत. तीन महिन्यांनी ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नाला तुमच्याकडे एकाऐवजी दोन-तीन उत्तरे असतील. ती सगळी खरी असतील.