हिरव्या पाण्याचा हिशेब

दिवाळी तोंडावर आली की घराघरांत साफसफाईचे वारे शिरते. तांब्यापितळेची भांडी लखलखतात, भिंतींना रंग चढतो आणि ज्याच्या बागेत लहानसे तळे आहे तो गृहस्थ त्यात डोकावून तोंड वाकडे करतो. पावसाळाभर शहाण्यासारखे वागलेले पाणी नेमके याच दिवसांत पालकाच्या पातळ भाजीसारखे झालेले असते!

यात गूढ काही नाही. पावसाने वाफ्यांतले शेणखत धुऊन तळ्यात आणलेले असते. ढग ओसरले की त्यावर आश्विनातले कडक ऊन पडते. खत आणि ऊन. शेवाळाला आणखी काय हवे? कालिदासाने शाकुंतलात शेवाळाने वेढलेल्या कमळाचे कौतुक केले आहे खरे. पण कालिदासाला तळे घासावे लागत नव्हते.

घाईला आलेला गृहस्थ मग सगळे पाणी उपसतो. तळाशी गाळ राहतोच, आणि काही दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कोणी मोरचूद टाकतो. त्याने शेवाळ मरते. पण मोरचूद माशांनाही विषच. शिवाय मेलेले शेवाळ एकदम कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो. आमच्या परिचयाच्या एका घरी ऐन पाडव्याच्या सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. त्या घरच्या मुलांनी त्या दिवशी फराळाला हात लावला नाही.

शेवाळाला मारण्यापेक्षा उपाशी ठेवावे, हे अधिक शहाणपणाचे. ते कशावर पोसते, याचा एक सुरेख प्रयोग कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. १९७३ साली डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने तिथल्या एका सरोवराचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हींकडे घातले. फॉस्फरस मात्र एकीकडेच. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा निवळ राहिला.

आपण तळ्यात फॉस्फरसची गोणी ओतत नाही, हे खरे. पण माशांना घातलेले जादा खाणे, गळलेली पाने, भक्तिभावाने सोडलेले निर्माल्य, हे सारे त्याच खात्यावर जमा होते. तेव्हा मासे दोनतीन मिनिटांत संपवतील एवढेच खाणे घाला. पाने कुजण्यापूर्वी जाळीने काढा. काठ जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवा, म्हणजे वाफ्यातले पाणी आत येणार नाही.

दुसरी गोष्ट सावलीची. कमळाच्या किंवा कुमुदिनीच्या पानांनी निम्मे पाणी झाकले की शेवाळाचे ऊन तुटते. या वनस्पती त्याच्या ताटातला घासही पळवतात. जलपर्णीही हे काम करते, पण ती भाडेकरू म्हणून येते आणि मालक होते. ती नदीनाल्यात तर कधीच जाऊ देऊ नका. मासेही बेताचेच ठेवा. पाण्यात ठिपक्यांसारखे उड्या मारणारे डॅफ्निया नावाचे सूक्ष्म जीव हिरवे पाणी गाळून खातात, आणि मासे फार झाले तर तेच त्यांना संपवतात. दोऱ्यांसारखे लांब शेवाळ मात्र काठीला गुंडाळून बाहेर काढावे. त्याचे उत्तम खत होते.

इंग्लंडात तळ्यात जवाचा पेंढा सोडतात. तो कुजताना नव्या शेवाळाची वाढ रोखतो, असलेले मारीत नाही. आणि गुण सगळीकडे सारखा येतो असेही नाही.

या उपायांना आठवडे लागतात, पाडव्यापूर्वी त्यांतला एकही पुरा होणार नाही. होऊ नये! यंदा पणत्या काठावरच लावा. तेल आणि फुले पाण्यात नकोत. पाणी थोडे हिरवट दिसेल, पण खाली मासे हिंडत असतील तर पाहुण्यांसमोर शरमिंदे होण्याचे काहीच कारण नाही.